पाऊस पडला की बॅकअप होत नाही

माझ्या वडिलांनी मला न विचारताच माझा एक रविवार देऊन टाकला, तिथून हे सुरू झालं.

पौडला आमचं प्लॅस्टिकच्या आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. मी हिंजवडीला एका कंपनीत डेटाबेस सांभाळते आणि राहते नांद्याला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. महिन्यातून एखादी चक्कर घरी होते. त्या खेपेला जेवताना अब्बा म्हणाले, "ताम्हिणीच्या बाई आल्या होत्या दुकानात. त्यांचा कॉम्प्युटर कधी कॉपी ठेवतोय, कधी ठेवत न्हाई. मी म्हटलं, आमची पोर हेच काम करती. रविवारी यील."

"कोण बाई, अब्बा?"

"अगं त्या, हवाबंद डबेवाल्या."

मग लक्षात आलं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आमच्याकडून झाकणाला रबर असलेले पांढरे डबे न्यायच्या. घेण्याआधी प्रत्येक डब्यात कागदाचा बोळा घालून तो पाण्याच्या बादलीत दाबून धरायच्या आणि मग उघडून बोळा ओला झाला का ते बघायच्या. आमच्या घरात सगळ्यांची समजूत होती की त्यांचा लोणच्याचा मोठा धंदा असणार.

रविवारी गेले. ताम्हिणीचा रस्ता मला नवा नव्हता, पण आजवर तिथून नुसतं पुढे जाणं झालं होतं. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक ढाबा, ढाब्याच्या मागे दोन खोल्या, आणि खोल्यांच्या मागे लगेच रान. आषाढ संपत आला होता. तिथला पाऊस पौडच्या पावसासारखा थांबत, दम खात पडत नाही. तो सारखा असतो. त्याच्या आवाजाची सवय झाली की माणसं आपोआप मोठ्यानं बोलायला लागतात. ढाब्याचे मालक साठीच्या घरातले, गावातलेच जुने शेतकरी. मला गाडीतून उतरताना बघून ओरडले, "पौडच्या डब्यावाल्यांच्या तुमी? या, या. बाई वाटच बगतायत. हितनं या, तितं चिखुल हाय."

बाई पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथंच राहायला आल्या. कापलेले पांढरे केस, पायात गमबूट, अंगावर घरातसुद्धा स्वेटर. "बस," म्हणाल्या. "आधी चहा घे. मग माझं रडगाणं ऐक."

डब्यांचं कोडं चहाबरोबर सुटलं. बाई त्यांत आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवत आणि ते डबे रानात झाडांना बांधत. संध्याकाळपासून सकाळपर्यंत आसपास कुणी बोललं की यंत्र तेवढा तुकडा टिपून घ्यायचं. बोलणारं म्हणजे बेडूक. सकाळी बाई रानात फिरून सगळ्या यंत्रांची कार्डं काढून आणत, कॉम्प्युटरमध्ये भरत, आणि प्रत्येक तुकड्यापुढे झाड, वेळ, पाऊस किती होता आणि बोलणारा कोण हे लिहीत. मग कार्डं पुसून पुन्हा झाडावर. आठ पावसाळे त्या हे करत होत्या. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हा डेटाबेस बांधून दिला होता आणि रोज दुपारी दोन वाजता सगळ्याची एक प्रत आपोआप बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरेल अशी सोय केली होती. तो विद्यार्थी आता परदेशात होता.

"उन्हाळ्यात एकदाही चुकत नाही," बाई म्हणाल्या. "पावसाळा लागला की याचं सुरू होतं. दोन दिवस होतो, तिसऱ्या दिवशी नाही. मग चार दिवस होतो. मला वाटतं यालाही सर्दी होते."

मी खुर्ची पुढे ओढली, तर त्यांनी माझ्या हातात हेडफोन दिला. "काम नंतर. कशाची प्रत काढायचीय ते तरी ऐक."

मी पौडची. पावसाळ्यात बेडूक ओरडतात हे मला माहीत होतं, जसं कुत्री भुंकतात हे माहीत असतं. मी हेडफोन लावला आणि बाईंनी आदल्या रात्रीचा एक तुकडा सुरू केला. आधी वाटलं, यंत्र बिघडलंय. मग त्या आवाजाच्या आत आवाज सुटे व्हायला लागले. खाली कुठंतरी पाण्यात घशातून ओढल्यासारखा एक जाडा आवाज. त्याच्यावर दाराची बिजागरी करकरावी तसा दुसरा. त्याच्याही वर, चारी बाजूंनी, काचेवर नखानं वाजवावं तसं टिक्-टिक्, टिक्-टिक्. एक थांबला की दुसरा, दुसऱ्याच्या शेपटाला तिसरा. आणि कुणीच कुणाच्या मध्ये बोलत नव्हतं. एवढी गर्दी, पण प्रत्येकाला आपली जागा सापडलेली. मी डोळे उघडले तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या.

"हे इथलं?" मी विचारलं.

"ही खिडकी आहे ना? तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचं."

काम माझ्या हातचं वाटत होतं. प्रत काढणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला एक सवय लावलेली होती: सुरू झाला की एका फाइलमध्ये 'सुरू' लिहायचं, संपला की 'पूर्ण' लिहायचं. मी ती फाइल उघडली. बऱ्याच दिवशी दोन्ही ओळी होत्या. काही दिवशी नुसतंच 'सुरू'. आणि काही दिवशी काहीच नाही, जणू त्या दिवशी दुपारचे दोन वाजलेच नव्हते. चूक झाल्याची नोंद एकही नाही. बाहेरची डिस्क वापरात नसली की झोपी जायची, तिची मोटर थांबायची. मला वाटलं, हेच. प्रत उतरायच्या वेळी डिस्क जागी होत नसणार. मी तिची झोप बंद केली, जुनी वायर बदलली, एकदा हातानं थोडा वेळ प्रत काढून बघितली. व्यवस्थित चालत होतं. ढाब्यावर पिठलं-भाकरी खाऊन मी समाधानानं नांद्याला परतले.

बाईंच्या खोलीत रेंज नव्हती. मेसेज पाठवायला त्या ढाब्याच्या पुढे रस्त्यापर्यंत यायच्या. बुधवारी त्यांचा मेसेज आला: "काल नाही. आज नाही. प्रचंड पाऊस."

मग ते प्रकरण माझ्या डोक्यात बसलं. ऑफिसात मी ज्या डेटाबेसवर काम करते ते याच्या कितीतरी पट मोठे आहेत, पण तिथं काही अडलं तर दहा जण धावतात. इथं मी आणि रस्त्यावर छत्री धरून मेसेज लिहिणाऱ्या एक बाई. मी त्यांना विचारत राहिले आणि त्या संध्याकाळी उत्तर पाठवत राहिल्या. पावसाशी संबंध तर उघड होता. जास्त पाऊस म्हणजे जास्त बेडूक, जास्त बेडूक म्हणजे जास्त तुकडे, म्हणजे प्रत उतरायला जास्त वेळ. त्या वेळेला कुठं मर्यादा घातलेली असेल असं मला वाटलं. मेसेजमध्ये एक-एक पायरी लिहून बाईंकडून ती मर्यादा वाढवून घेतली. चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी पुन्हा नुसतंच 'सुरू'.

शेवटी ठरवलं की समोर बसून बघायचं. पुढच्या रविवारी दुपारी एकलाच पोचले. येताना एक नवी डिस्क घेऊन आले होते, जुनीचा भरवसा नको म्हणून. दोन वाजले, प्रत उतरायला लागली. पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात ओळी सरकायला लागल्या. बाई दुसऱ्या टेबलावर कार्डं पुसत होत्या. ढाब्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी होती, धबधबे बघायला आलेली माणसं. मिक्सरचा आवाज भिंतीतून येत होता.

तो आवाज एकदम थांबला. पंखाही. टेबलाखाली यूपीएसनं एकदा पिक् केलं. कॉम्प्युटर चालूच होता, पडदाही तसाच. बाईंनी मान वर केली नाही. "गेली," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं कार्ड उचललं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काळी खिडकी गेली. काही तक्रार नाही, काही लाल अक्षरं नाहीत. कुणीतरी येऊन दिवा मालवावा तशी गेली.

"बाई, लाईट जाते तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करायचं? यूपीएस आहे की. येतेच परत. पावसात दिवसातून चारदा तरी जाते."

मी दोन वाजताची ती सोय जिथं लावलेली होती ते पान उघडलं. वेळ, प्रोग्रॅमचं नाव, सगळं मी आधी दोनदा बघितलं होतं. शेजारी अटींचं एक पान होतं. त्यावर मी नुसती नजर टाकून पुढे गेले होते, कारण तिथल्या अटी लॅपटॉपसाठी असतात आणि हा टेबलावरचा धडधाकट कॉम्प्युटर होता. पण लाईट गेल्याची खबर देणारी यूपीएसची वायर कॉम्प्युटरला जोडलेली होती, आणि त्यामुळे तो स्वतःला लॅपटॉप समजत होता. तिथं दोन खुणा केलेल्या होत्या, कुणी मुद्दाम केलेल्या नाहीत, पहिल्यापासून असतात तशा. बॅटरीवर असशील तर काम सुरू करू नकोस. मधेच बॅटरीवर आलास तर काम सोडून दे. बॅटरी वाचव.

म्हणून काही दिवशी नुसतं 'सुरू' आणि काही दिवशी काहीच नाही. दोन वाजता लाईट नसली तर तो कामाला हातच लावायचा नाही. काम चालू असताना गेली तर तिथंच टाकून द्यायचा. आणि ताम्हिणीत पाऊस म्हणजे वाऱ्यानं फांदी तारेवर पडणार, लाईट जाणार. कॉम्प्युटर आपल्या समजुतीप्रमाणे अगदी शहाण्यासारखं वागत होता. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "म्हणजे बिचारा आम्हाला वाचवत होता!"

मीही हसले. दोन्ही खुणा काढल्या. आणि मग, सवयीनं, बाहेरच्या डिस्कवर काय आहे ते बघितलं.

एकच फाइल होती. मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्या विद्यार्थ्यानं प्रत रोज त्याच नावानं उतरवायची सोय केली होती, म्हणजे जागा पुरते. नवी प्रत सुरू झाली की आधी जुनी पुसली जायची. आणि आजची नवी आत्ताच, आमच्यासमोर, अर्ध्यात सुटली होती. बाईंना वाटायचं, आजची नाही झाली तरी कालची आहेच. कालची नव्हती. ज्या ज्या दिवशी 'सुरू' लिहून पुढे काही नव्हतं, त्या प्रत्येक दिवशी आठ वर्षांची दुसरी प्रत जगात कुठंच नव्हती. आत्ताही नव्हती. जे काही होतं ते टेबलावरच्या त्या एका कॉम्प्युटरमध्ये, एका डिस्कवर. आणि यूपीएस पिक्-पिक् करत होता.

हे बाईंना कसं सांगावं ते मला कळेना. सांगितलं. त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं आणि कॉम्प्युटरकडे असं बघितलं, जसं कड्याच्या टोकावर बसलेल्या पोराकडे, ते दचकू नये म्हणून, न ओरडता बघतात.

"आता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आता नवी डिस्क लावते आणि पूर्ण प्रत काढते. तासापेक्षा जास्त लागेल. यूपीएस तेवढा टिकणार नाही."

बाई तशाच पावसात ढाब्याकडे गेल्या. मालक त्यांच्याबरोबर आले, खांद्यावर पंचा, हाताला पीठ. दारातच उभे राहिले.

"जनरेटर हाय की," ते म्हणाले. "लावलायच. पर त्याच्यावर समदं चालतंय, फ्रीज, मिक्सर, दिवं."

मी म्हटलं, "मामा, फ्रीज चालू झाला की झटका बसतो. यूपीएसला वाटतं लाईट गेली. तो सारखा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी संपेल."

"मंग फ्रीज बंद."

"आज रविवार आहे, गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक काय, पुढच्या रविवारी बी यील." ते माझ्याकडे न बघता बाईंकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी पयल्यांदा आलाव तवा आमी म्हनायचो, खुळी हाय. पावसापान्यात कंदील लावून बेडकं हुडकती. मंग तुमी आमाला एकदा ते कानाला लावून ऐकीवलं. आमच्या खाचरातलं हाय म्हनलाव. माजा जलम गेला त्या खाचरात. मला म्हाईतच न्हाई तितं एवढी वस्ती हाय." आणि वळून मोठ्यानं ओरडले, "ए, फ्रीज काड रं! मिक्सर बी!"

खिडकीतून वायर आत आली. मी नवी डिस्क लावली आणि प्रत सुरू केली. पुढचा वेळ मी जितकं लक्ष देऊन बघितलं, तितकं आयुष्यात काही बघितलं नसेल. ओळी सरकत होत्या. प्रत्येक ओळीत वर्ष दिसत होतं, म्हणजे आत्ता कुठला पावसाळा उतरतोय ते कळत होतं. पहिला पावसाळा पटकन गेला. तेव्हा झाडावर डबे थोडेच होते. दुसरा. तिसऱ्यात यूपीएसनं एकदा टक् केलं आणि तिघांनीही एकदम टेबलाखाली बघितलं, पण तो परत जनरेटरवर आला. ढाब्यावरून कुणाचा तरी आवाज येत होता, थंड का नाही म्हणून. त्याला मालकांनी दारातूनच उत्तर दिलं, "आज थंड न्हाई. मशीनवर बेडकं हायेत." मग तिथं हशा झाला. त्या माणसांना ती ढाबेवाल्याची चेष्टा वाटली असेल.

बाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. पाचवा पावसाळा सरकायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा मोठा आहे. त्या वर्षी दरड कोसळली, रस्ता बंद होता. माणसांची वर्दळच नव्हती. ते काय बोललेत त्या वर्षी!" मी त्या ओळींकडे बघत होते. रोज माझ्या हाताखालून कुणाची तरी बिलं, कुणाचे तरी पत्ते, कुणाच्या तरी ऑर्डरी जातात. हाही तसाच तक्ता होता, ओळी आणि रकाने. पण त्यातली एक-एक ओळ म्हणजे अंधारात, मुसळधार पावसात, नखाएवढ्या कुणीतरी एकदाच काढलेला आवाज, आणि ज्यांनी काढला त्यांतले बहुतेक केव्हाच मेलेले. माझ्या अंगावर काटा आला. भीती अशी नव्हती ती. मोठ्या जागेत, घुमटाखाली गेल्यावर आपण आपोआप हळू बोलायला लागतो, तसं झालं होतं.

आठवा पावसाळा उतरला. 'पूर्ण' असं आलं. बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की त्यांची नखं रुतली. मालक बाहेर जाऊन ओरडले, "लाव रं फ्रीज!"

त्यानंतर सोय बदलली. प्रत्येक प्रतीला तारखेचं नाव, नवी उतरून तपासून झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. रोज फक्त त्या दिवशी भरलेले तुकडे, म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम, ते यूपीएसवरही होतं. आठवड्यातून एकदा पूर्ण. आणि बाहेरच्या डिस्क दोन, एक तिथं आणि एक माझ्याकडे. बाई बाजाराला पौडला येत, तेव्हा भरलेली डिस्क आमच्या दुकानात ठेवून दुसरी घेऊन जात. डिस्क ज्या डब्यात यायची तो अर्थातच पाण्यात बुडवून तपासलेला असायचा.

पण मी त्यांना एक सांगितलं होतं: प्रत पुन्हा उभी करून बघितल्याशिवाय ती प्रत आहे असं मानायचं नाही. म्हणून एका शनिवारी बाई नांद्याला माझ्या घरी आल्या. मी माझ्या कॉम्प्युटरवर रिकामा डेटाबेस करून त्यात सगळं परत उभं केलं होतं. माझ्या खिडकीसमोर भाताचं खाचर होतं. शेजारच्या खाचरात पत्रे ठोकून इमारतीचा पाया खणणं चालू होतं. पत्र्यांवर पाऊस वाजत होता. अशा जागी बसून आम्ही ताम्हिणी उघडली.

बाईंनी पहिल्या वर्षातला एक तुकडा निवडला. पडद्यावर आवाजाचं चित्र आलं, खाली जाड पट्टे, वर बारीक ठिपक्यांची रांग. मी स्पीकर मोठा केला. टिक्-टिक्, टिक्-टिक्. स्वच्छ, जसाच्या तसा.

"येतोय का?" बाईंनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. "येतोय की. अगदी स्पष्ट."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवून, "मला नाही ऐकू येत गं तो आता. दोन पावसाळे झाले. खालचे येतात, हा वरचा नाही. मी या ठिपक्यांवरून ओळखते. दिसतो मला, म्हणून लिहिते."

 मला आठवलं, पहिल्या दिवशी त्यांनी मला हेडफोन लावायला दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, वयानं कान असाच जातो, उंच आवाजापासून खाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "यंत्र लावलंय कानाला, पण त्यातून नुसतं पत्रा वाजल्यासारखं येतं, तो नाही. तू एक कर. आता तू सांग. मी ठिपक्यावर बोट ठेवते. तुला तिथं ऐकू आला तर हो म्हण."

दुपारभर आम्ही तेच केलं. त्या बोट ठेवायच्या, मी 'हो' म्हणायचे. कधी मी म्हणायचे, हा लांबचा आहे, हा जवळचा, हा दोनदा बोलून थांबला. त्या मान हलवायच्या, वहीत काही लिहायच्या नाहीत, नुसत्या ऐकायच्या, म्हणजे मला ऐकायच्या. मधे मी म्हटलं, "बाई, हा शेवटचा कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा बोलला." त्यांचे डोळे चमकले. "दिलंच त्यानं उत्तर. पलीकडच्या झाडावरच्याला. मी नवी होते तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि पुस्तकात तपासायला मी धावले होते."

प्रत शाबूत होती. प्रत्येक पावसाळ्यातले निवडून निवडून तुकडे आम्ही बघितले. एकही गळला नव्हता.

भाद्रपदाच्या शेवटी परतीचा पाऊस विजा घेऊन आला. एके दिवशी दुपारी दोन वाजायच्या आतच ढाब्याच्या वर कुठंतरी वीज पडली. मालकांचा टीव्ही गेला, मोटर जळली, आणि बाईंचा कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला नाही. रस्त्यावर येऊन बाईंनी मेसेज न करता फोन केला. "गेला," म्हणाल्या. "आतली डिस्क फिरतसुद्धा नाही." मी त्यांच्या आवाजात घाबरणं शोधत होते. नव्हतं. त्यांनी विचारलं, "नवा कुठला घेऊ?"

नवा कॉम्प्युटर आला, मी एका दिवसाची रजा काढून गेले, आणि वाचलेल्या बाहेरच्या डिस्कवरून सगळं त्याच्यावर उतरवलं. तिघं बसून होतो, मालकही, चुलीवरचं सोडून. उतरवून झाल्यावर बाईंनी पहिल्यांदा मालकांच्या खाचरातला तुकडा शोधला. तो लागला. मालकांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला, जसा वारा जोरात असला की माणूस टोपी धरतो. "हायेत," ते म्हणाले. "समदी हायेत." फक्त वीज पडली त्या सकाळी भरलेली कार्डं गेली. बाई म्हणाल्या, "जाऊ दे. एक सकाळ देवाची."

पुढच्या वर्षी श्रावणात मी पुन्हा गेले, डिस्क बदलायचं निमित्त करून. दिवस मावळत होता. बाई म्हणाल्या, "चल, डबे बघून येऊ." पाऊस तेव्हा बारीक झाला होता. आम्ही खोल्यांच्या मागनं रानात शिरलो. पाच मिनिटांतच ते सुरू झालं, जे मी आजवर फक्त कानाला लावून ऐकलं होतं. ते आता चारी बाजूंनी होतं, डोक्यावरून, गुडघ्यापाशी, मागून. मी चालायची थांबले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही थांबल्या.

"कुठं?" त्यांनी ओठ हलवून विचारलं.

मी कान देऊन दिशा धरली आणि एका कारवीच्या झुडपाकडे बोट केलं. बाईंनी टॉर्चवर बोटं धरून उजेड मंद केला आणि पानं एक-एक करून वर केली. तिसऱ्या-चौथ्या पानावर तो बसला होता. माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला असता. पिवळसर, ओला, डोळे टपोरे. त्यानं आमच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या हनुवटीखाली पातळ कातडीचा फुगा भरला, त्याच्या स्वतःच्या डोक्याएवढा झाला, उजेड त्याच्यातून आरपार गेला, आणि माझ्या कानात टिक्-टिक् वाजलं. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज. याचं पिल्लू पाण्यात वाढत नाही, बाईंनी मागं सांगितलं होतं. अंड्यातूनच तांदळाच्या दाण्याएवढा पुरा बेडूक बाहेर येतो, पानावरच.

तो बोलला की मी बाईंचा हात दाबत होते. त्यांना खरं तर गरज नव्हती, फुगा त्यांना दिसत होता. पण त्यांनी हात काढून घेतला नाही. फुगा भरायचा, मी दाबायचे, त्या मान हलवायच्या. पलीकडच्या झुडपातून दुसऱ्यानं उत्तर दिलं. तो त्यांना दिसत नव्हता, म्हणून तिकडचं मी दोनदा दाबून सांगायला लागले, आणि त्यांना ते लगेच समजलं.